मांजरासाठी संकटकालीन मार्ग

साहेबांना राग आला होता. तो नेमका कुणाकुणावर आला आहे हे लक्षात राहीना, म्हणून त्यांनी एक वही सुरू केली.

पहिल्या पानावर ‘धोक्यांची नोंद’ असं ठळक अक्षरात लिहून त्याखाली पट्टीने दोन रेघा मारल्या आणि मग चष्मा पुसला. चौतीस वर्षं कारखाने निरीक्षक म्हणून काढलेला माणूस. साहेब फाटकातून आत शिरले की मालक हेल्मेट शोधत पळायचा, आणि हेल्मेट सापडलं नाही तर कँटीनमधलं पातेलं डोक्यावर घालून सामोरा यायचा. एका कारखान्यात साहेबांनी नुसतं ‘मशीन बंद’ म्हटलं तर शेजारच्या कारखान्यातलंही मशीन बंद पडलं, आणि त्याच्या पलीकडच्या मालकाने दुसऱ्या दिवशी आपणहून टाळं लावलं. ही हकीकत साहेब स्वतः सांगत, तेव्हा खोटी असण्याचा प्रश्नच नाही. रिटायर होऊन तीन वर्षं झाली होती, पण नजर काही रिटायर झाली नव्हती. कुणाकडे जेवायला गेले तरी आधी गॅसची नळी बघत, मग ताट.

त्या सकाळच्या रागाचं कारण होती कारभारीण. म्हणजे घरातलं मांजर. करड्या रंगाची, साडेतीन किलो वजनाची आणि घर आपल्याच नावावर आहे अशा थाटात वावरणारी. नेहमीसारखी गॅलरीतून कंपाउंडच्या भिंतीवर उडी मारून फिरायला गेली ती दोन तासांनी परत आली, तेव्हा उजव्या कानाला चीर पडलेली आणि अंगाला ग्रीसचा वास. बशीकडे ढुंकूनही न बघता सोफ्याखाली जाऊन बसली. वहिनींनी तिला बाहेर काढलं, कान पुसला, मलम लावलं आणि एक शब्दही बोलल्या नाहीत. वहिनी म्हणजे साहेबांची बायको; सगळी बिल्डिंग त्यांना वहिनीच म्हणायची.

त्यांचं ते न बोलणंच साहेबांना सोसत नव्हतं.

त्याचं असं होतं. कारभारणीच्या आधी घरात एक बोका होता. अकरा वर्षांचा, लठ्ठ, भला माणूस. मागच्या वर्षी तो गाडीखाली गेला, आणि गाडी होती साहेबांची. स्वतः साहेबच पार्किंगमधून रिव्हर्स घेत होते. ज्या माणसाने जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या कारखान्यांत ‘मागे घेताना हॉर्न वाजवा, खाली उतरून बघा’ अशा पाट्या लावायला लावल्या, त्या माणसाने हॉर्न वाजवला नाही की उतरून बघितलं नाही. वहिनी खाली आल्या, बोक्याला साहेबांच्याच टॉवेलात गुंडाळलं आणि म्हणाल्या, “असू दे.”

बस, तेवढंच. ना रडारड, ना आदळआपट. दुसऱ्या दिवशी वेळेवर चहा, वेळेवर जेवण. साहेबांनी महिन्याभरात गाडी विकून टाकली, तेव्हाही त्या म्हणाल्या, “असू दे.” बायको एकदाच काय ती तोंड सोडून बोलली असती तर साहेब सुटले असते. पण ती बोलत नव्हती, आणि मग साहेबांचा राग स्वतःला सोडून बाकी सगळ्या जगावर निघत होता. जगाला त्याची काही कल्पना नव्हती.

तर वही. दुपारच्या जेवणापर्यंत तिच्यात त्रेचाळीस धोके नोंदवून झाले. लॉन्ड्रीपाशी बसणारा पांढरा कुत्रा. मागच्या गल्लीतला बोका, त्याच्यापुढे कंसात ‘चारित्र्य संशयास्पद’. तळमजल्यावरच्यांनी जिन्याखाली ठेवलेलं उंदरांचं औषध. ते उंदरांनी खाल्लं आणि उंदीर मांजराने खाल्ला तर पुढचा हिशेब कोण देणार, असा सवाल समासात. चौथ्या मजल्याच्या कठड्यावर नुसत्या टेकवून ठेवलेल्या कुंड्या. पंपाच्या खोलीचं दार: मांजर आत शिरायचं, वॉचमन दार ओढून दोन दिवस गावाला जायचा. आणि समोरच्या काकूंच्या दारातली लिली. तिचे परागकण नुसते अंगावरून चाटले गेले तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात असं साहेबांनी वाचलं होतं. आजवर त्या लिलीचं त्यांनी चारचौघांत कौतुक केलं होतं, याचा आता त्यांना वेगळा राग आला.

नोंद क्रमांक एक मात्र वाहने. तिच्यापुढे काही न लिहिता त्यांनी पान उलटलं.

संध्याकाळी कारभारणीला घेऊन साहेब जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी कान तपासला, एक इंजेक्शन दिलं आणि सांगितलं की थंडीचे दिवस आहेत, मांजरं उबेला गाड्यांच्या इंजिनात शिरून बसतात, हा ग्रीसचा वास तिथलाच. तिला बाहेर सोडू नका. गॅलरीला जाळी बसवा, आत एक फळी ठेवा, रोज तिच्याशी थोडं खेळा, ती रमेल. एवढं बोलायला बाईंना अर्धं मिनिट लागलं. त्या अर्ध्या मिनिटाचा साहेबांनी चार दिवस बसून अकरा पानी आराखडा केला, पुढून, मागून आणि वरून काढलेल्या चित्रांसकट.

वहिनींनी आराखडा बघितला आणि विचारलं, कपडे कुठे वाळत घालायचे. साहेबांनी सांगितलं, त्याचा विचार पुढच्या टप्प्यात होईल. वहिनी म्हणाल्या, असू दे.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. समोरच्या काकू सल्ला घेऊन आल्या. त्यांचं म्हणणं, भावजी, एवढा खटाटोप कशाला, तिच्या गळ्यात घंटा बांधा. साहेबांनी विचारलं, घंटेने गाडी थांबते का. काकू म्हणाल्या, गाडी नाही, पण कळतं तरी मांजर कुठे आहे. कुणाला कळतं, साहेबांनी विचारलं. काकूंनी विचार करून सांगितलं, कुत्र्यांना. हा सल्ला साहेबांनी धोका क्रमांक चव्वेचाळीस म्हणून नोंदवला आणि जाता जाता लिलीचा विषय काढला. काकूंनी त्यानंतर नऊ दिवस त्यांच्याकडे बघितलं नाही, पण लिली तेवढी आत नेली.

तिसऱ्या मजल्यावरचा जावई जिन्यात भेटला. हा सासऱ्यांच्याच घरी राहायचा, सासऱ्यांचीच गाडी चालवायचा आणि कानात सदोदित गाणी ऐकायची ती दोन बोंडं घालून फिरायचा, त्यामुळे त्याच्याशी बोलताना समोरच्याला आपण कुठल्या तरी स्मारकाशी बोलतोय असं वाटे. त्याने एक बोंड काढून सांगितलं, “काका, मांजराची जात आहे, ती बाहेर जाणारच. नेचर आहे ते. तुम्ही फार लोड घेता.” आणि बोंड परत घातलं. साहेब जिन्यातच उभे राहिले. लोड. ज्यांनी उभ्या हयातीत क्रेनचे लोड तपासले, त्यांना हा सांगणार लोड. त्यांना पुढे बरंच काही सुचलं, पण तोवर जावई पार्किंगपर्यंत पोचला होता.

आता परवानगी. सोसायटीचा सेक्रेटरी एका विमा कंपनीत होता आणि त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीचा छापील फॉर्म होता. बाहेरून दिसणाऱ्या बदलांच्या फॉर्मवर तीनच चौकटी होत्या: एसीचा सांगाडा, कपडे वाळत घालण्याची दांडी, डिश अँटेना. साहेबांनी चौथी चौकट काढून ‘मांजर संरक्षण जाळी’ असं लिहिलं. सेक्रेटरीने फॉर्म परत केला, कारण फॉर्मवर चौकट काढण्यासाठी कमिटीचा ठराव लागतो. कमिटीची सभा कोरम नसल्याने तहकूब झाली. तहकूब सभेला कोरम लागत नाही, पण तहकूब झाल्याची नोटीस लावायची राहिली होती, त्यामुळे ती सभा झालीच नाही असं ठरलं. हे ठरवायला मात्र सगळे हजर होते. शेवटी सेक्रेटरीनेच हळू आवाजात वाट दाखवली: साहेब, तुम्ही दांडीच्या चौकटीत खूण करा, आणि ती दांडी जरा दाट आहे म्हणून लिहा.

ज्याने लोकांचे खोटे फॉर्म फाडण्यात हयात घालवली त्याच्यावर ही पाळी. साहेबांनी खूण केली तेव्हा पेन कागदातून आरपार गेलं. मग सेक्रेटरी म्हणाला, वॉर्ड ऑफिसचाही शिक्का हवा. वॉर्ड ऑफिसात बांधकामाच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, आत जनावर आहे, पशू विभागात जा. पशू विभागातल्या माणसाने विचारलं, कुत्रा आहे का. नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला; त्यांच्याकडे फक्त कुत्र्यांचं रजिस्टर होतं. त्याने प्रेमाने सुचवलं की तात्पुरतं कुत्रा म्हणून नोंदवू, दुरुस्तीचा अर्ज मागाहून करता येतो. साहेबांच्या तोंडून तिथे जे काही निघालं त्याने म्हणे छताचा पंखा उलटा फिरायला लागला. शिक्का मात्र मिळाला. कारभारीण आजही त्या ऑफिसात कुत्रा आहे.

ग्रिलवाला आला. साठीचा, बारीक, तोंडात टेप धरून बोलणारा. त्याला साहेबांनी अकरा पानं समजावून सांगितली. कठड्यापासून छतापर्यंत पक्की जाळी. हॉलमधून गॅलरीत येणारं दार जाळीचं, स्प्रिंगने आपोआप मिटणारं, म्हणजे ते चुकून उघडं राहायला नको. त्याला आतून, म्हणजे गॅलरीच्या बाजूने, हँडल नको. मांजरं हँडलवर लोंबकळून दार उघडतात. ग्रिलवाल्याने माना डोलावल्या. मग दहावं पान आलं.

दहाव्या पानावर संकटकालीन मार्ग होता.

साहेबांच्या डोक्यात या बाबतीत तसूभरही शंका नव्हती. जिथे जीव आहे, तिथे बाहेर पडायचा दुसरा रस्ता हवा. हॉलला आग लागली तर गॅलरीतल्या मांजराने कुठे जायचं? म्हणून जाळीच्या खालच्या कोपऱ्यात एक वीतभर रुंद झडप. बाहेरच्या बाजूला उघडणारी, कडी-कुलूप नसलेली. साडेतीन किलोच्या प्राण्याने डोक्याने ढकलली की उघडली पाहिजे. वर हिरव्या अक्षरात पाटी, आणि झडपेपासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत उतरती फळी, पाय घसरू नये म्हणून आडव्या पट्ट्या मारलेली.

ग्रिलवाल्याने टेप तोंडातून काढली. “साहेब, म्हणजे मांजर बाहेर जाऊ नये म्हणून जाळी.”

“बरोबर.”

“आणि हे दार मांजराला बाहेर जायला.”

“फक्त संकटात,” साहेब म्हणाले.

ग्रिलवाल्याने त्यांच्याकडे बघितलं, कारभारणीकडे बघितलं. दोघांपैकी कुणाला समजवावं ते न कळून त्याने टेप परत तोंडात धरली. नऊ दिवसांत काम चोख झालं. असं चोख की त्या फळीवरून तुम्ही-आम्हीही आरामात उतरलो असतो.

आता नुसतं दार करून भागत नाही. दार कुठे आहे हे आतल्याला ठाऊक हवं. साहेबांनी आयुष्यात शेकडो मालकांना याच मुद्द्यावर फैलावर घेतलं होतं: दार आहे हो, पण कामगाराला विचारा कुठे आहे. कारभारणीला कुठे होतं ठाऊक? पहिले आठ दिवस ती झडपेकडे फिरकलीही नाही. आतल्या फळीवर पडून ऊन खायची, खालच्या कुत्र्याकडे तुच्छतेने बघायची, अंगाने भरत चालली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तसं ती रमली होती. कुणीही दुसरा माणूस इथे थांबला असता.

साहेबांनी प्रशिक्षण सुरू केलं. रोज सकाळी हातातली पितळी घंटा वाजवायची आणि झडपेच्या पलीकडे, बाहेरून फळीला बांधलेल्या डबीत, मांजराचं बिस्किट टाकायचं. पहिल्या दिवशी कारभारीण घंटेला घाबरून वॉशिंग मशीनमागे गेली. दुसऱ्या दिवशी तिने बिस्किटाचा वास घेतला. तिसऱ्या दिवशी डोकं घालून झडप ढकलली, बिस्किट उचललं आणि मागे आली. चौथ्या दिवशी घंटा वाजण्याआधीच जाऊन बसली. साहेबांचे डोळे पाणावले. चौतीस वर्षांत इतका हुशार कामगार त्यांना भेटला नव्हता.

वहिनी हे सगळं हॉलमधून बघत आणि संपलं की साहेबांना दार उघडून देत. एकदा त्यांनी तोंड उघडलं, मिटलं आणि भाजी चिरायला गेल्या.

मग तपासणीचा दिवस आला. कामाची पाहणी केल्याशिवाय सेक्रेटरी फॉर्मवर शेवटची सही करणार नव्हता, म्हणून साहेबांनी सकाळी साडेनऊची वेळ दिली आणि नुसती पाहणी कशाला, मॉक ड्रिलच दाखवतो म्हणाले. वहिनी दाताच्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या. खाली पार्किंगमध्ये सेक्रेटरी, काकू, वॉचमन आणि कामाला निघालेले आणखी पाच-सहा जण माना वर करून उभे राहिले. साहेब इस्त्रीचा शर्ट घालून, वही आणि घंटा घेऊन गॅलरीत आले. त्यांच्यामागे दार आपोआप मिटलं. अगदी पानावर लिहिलं होतं तसं, अलगद आणि पक्कं.

त्यांनी वरूनच छोटं भाषण केलं. सुरक्षितता ही सवय असते, वगैरे. मग घड्याळ बघितलं आणि घंटा वाजवली.

कारभारीण उठली. आळस न देता, इकडेतिकडे न बघता, सरळ झडपेकडे गेली, डोक्याने ढकलली आणि सात सेकंदांत बाहेर. खाली टाळ्या झाल्या. सेक्रेटरीनेही वाजवल्या. साहेबांनी वहीत लिहिलं: सात सेकंद, उत्तम. लिहिताना ‘उत्तम’खाली रेघ मारायला पट्टी नव्हती म्हणून ते क्षणभर थांबले. त्या क्षणात त्यांच्या लक्षात आलं की आज गडबडीत डबीत बिस्किट टाकायचं राहिलंय.

रिकाम्या डबीपाशी कारभारीण थांबली. तिने मागे वळून साहेबांकडे बघितलं. त्या नजरेत मालक-कामगार संबंध कायमचे बिघडल्याचं स्पष्ट दिसत होतं. मग ती पट्ट्यांवर एकेक पाय ठेवत, कुठेही न घसरता, फळीवरून भिंतीवर उतरली आणि भिंतीवरून पार्किंगमध्ये.

“पकडा तिला,” साहेब म्हणाले.

खालच्या नऊ माणसांनी नऊ दिशांना हात पसरले. नऊ माणसं हात पसरून अंगावर आल्यावर कुठलंही शहाणं मांजर जे करील ते कारभारणीने केलं. ती वॉचमनच्या पायांतून निसटली, दोन स्कूटरांखालून गेली आणि दिसेनाशी झाली. काकूंनी पंपाच्या खोलीकडे बोट दाखवलं, सेक्रेटरीने जिन्याकडे. सगळा जमाव दोन्हीकडे विभागून धावला. ती कुठे गेली हे एकट्या साहेबांनी पाहिलं, कारण ते वर होते. जावयाच्या गाडीच्या पुढच्या चाकावर चढून करडी शेपटी आत, इंजिनात, ओढली गेली.

आणि जिन्यातून जावई खाली येत होता. कानात बोंडं, हातात किल्ली.

साहेब दाराकडे वळले. दाराला हँडल नव्हतं. त्यांनी बोटांनी फट शोधली. फट ठेवली नव्हती. जाळी हलवून बघितली; ती ग्रिलवाल्याने त्यांच्याच सांगण्यावरून दर सहा इंचांवर ठोकली होती. फोन हॉलमध्ये, घराच्या दाराला आतून लॅच. संकटकालीन मार्ग होता, पण त्यातून साहेबांचा एक हात आणि फार तर डोकं गेलं असतं. त्यांनी हात घालून बघितलाही. गुडघ्यांवर बसून, झडपेतून हात बाहेर काढून ते पहिल्या मजल्यावरून हातवारे करू लागले, आणि खालून जाणाऱ्या जावयाने तो हात बघून सवयीने हसून आपला हात हलवला.

“अरे थांब,” साहेब म्हणाले. जावयाने गाडीचं दार उघडलं. “अरे, गाडीत मांजर आहे.” जावई आत बसला. दार लावलं. पट्टा लावला नाही, हेही साहेबांनी बघितलं.

मग साहेब उठून उभे राहिले. वर्षभर जे काही आत साचलं होतं, ते सगळं एकदम वर आलं. तो कुत्रा, ती लिली, फॉर्मवरच्या तीन चौकटी, कुत्र्यांचं रजिस्टर, ‘लोड घेता’, आणि त्या सगळ्यांच्या तळाशी एक टॉवेल. त्यांनी जाळी दोन्ही हातांनी धरली.

“गाडी बंद!”

त्या आवाजाचं वर्णन बिल्डिंगमध्ये आजही वेगवेगळं ऐकायला मिळतं. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली, यावर सगळ्यांचं एकमत आहे. पंप बंद पडला. काकूंच्या घरातला मिक्सर थांबला आणि समोरच्या रस्त्यावरची बस स्टॉप नसताना उभी राहिली. लॉन्ड्रीपाशी बसलेला तो पांढरा कुत्रा आपलं काहीतरी चुकलं असावं असं समजून निघून गेला, तो दुसऱ्या वस्तीत जाऊन राहिला. जावयाचं बोट गाडी सुरू करायच्या बटणाच्या केसभर अलीकडे होतं. ते तिथेच थांबलं. कानातली दोन्ही बोंडं आपोआप गळून मांडीवर पडली.

“बाहेर ये,” साहेब वरून म्हणाले. आता आवाज साधा होता, पण कुणी हललं नाही. “हळू. दार आपटू नकोस. बॉनेट उघड.”

जावयाला बॉनेट कुठून उघडतं ते माहीत नव्हतं. तीन वर्षं गाडी चालवत होता. त्याने आधी डिकी उघडली, मग पेट्रोलचं झाकण. सेक्रेटरीने कप्प्यातून माहितीपुस्तक काढून अनुक्रमणिका वाचायला घेतली. साहेब पिंजऱ्यात येरझाऱ्या घालत होते, आणि खाली जमलेली शाळेची चार मुलं त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

तेवढ्यात फाटकातून वहिनी आल्या. एका गालात कापूस, गाल सुजलेला, हातात पिशवी. काकूंनी त्यांना तीन वाक्यांत सगळं सांगितलं. वहिनींनी पिशवी सेक्रेटरीच्या हातात दिली, गाडीत वाकून पायापाशी एक दांडा ओढला, बॉनेट वर केलं आणि आत हात घालून कारभारणीला मानगुटीला धरून बाहेर काढलं. काळी झाली होती, पण अख्खी होती. तिला पदराखाली धरून त्या जिना चढल्या. त्यांनी वर एकदाही बघितलं नाही.

घराचं लॅच उघडल्याचा आवाज आला. वहिनी हॉलमध्ये आल्या आणि जाळीच्या दारापलीकडे उभ्या राहिल्या. हँडल त्यांच्या बाजूला होतं. त्यांनी ते धरलं नाही.

“मागच्या वर्षी तुम्ही मागे बघितलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. कापसामुळे शब्द जाड येत होते.

साहेब म्हणाले, “नव्हतं.”

“हॉर्नही वाजवला नव्हता.”

“नाही.”

“मी इथेच होते. या गॅलरीत. कपडे वाळत घालत होते. बोका चाकामागे बसलेला मला दिसत होता.” त्यांनी कारभारणीला दुसऱ्या हातावर घेतलं. “हाक मारणार होते. मग म्हटलं, जन्मभर लोकांना हेच शिकवतायत, ते उतरून बघतीलच. म्हणून मी चिमटा लावला. एक चिमटा लावेपर्यंत झालं सगळं.”

गॅलरीच्या कोपऱ्यात एक बादली होती. ती त्यांनी पालथी घातली आणि तिच्यावर बसले.

“तुमच्यावर चिडायचं तर आधी मला माझ्यावर चिडायला लागणार होतं,” वहिनी म्हणाल्या. “ते जमेना म्हणून गप्प होते. आज जमतंय.”

आणि त्या चिडल्या. आवाज न चढवता, गालातला कापूस इकडून तिकडे सारत, रिव्हर्सपासून सुरुवात करून त्या मागे मागे गेल्या. मला न विचारता गाडी विकलीत. महिनाभर ओले कपडे खुर्च्यांवर वाळतायत, घर धोबीघाट झालंय, आणि म्हणे पुढचा टप्पा. मांजर पळू नये म्हणून पिंजरा करता आणि रोज सकाळी घंटा वाजवून त्याला पळायला शिकवता. त्या ग्रिलवाल्याला कळलं ते तुम्हाला कळू नये. चिडायला इतर कुणी सापडलं नाही तर त्या बिचाऱ्या काकूंची फुलझाडं. लग्नानंतर माझ्या माहेरी पहिल्यांदा आलात तेव्हा माझ्या वडिलांना शिडी नीट लावली नाही म्हणून सुनावलंत, तेही मी लक्षात ठेवलंय. साहेब मान खाली घालून ऐकत होते. मध्ये दोनदा ‘खरं आहे’ म्हणाले. खाली पार्किंगमध्ये लिफ्टमधल्या माणसांना सोडवण्याची धांदल चालली होती, पंपवाल्याला फोन जात होते, सेक्रेटरी हातात पिशवी आणि पुस्तक घेऊन सहीचं काय म्हणून विचारत होता. त्यातलं एक अक्षर साहेबांना ऐकू आलं नाही. वर्षभरात पहिल्यांदाच त्यांना कुणाचाही राग येत नव्हता.

वहिनी थांबल्या. दम लागला होता. कारभारीण त्यांच्या हातावर अंगावरचं ग्रीस चाटायला बघत होती, तिचं तोंड त्यांनी हाताने बाजूला केलं.

“झालं?” साहेबांनी विचारलं.

“नाही,” वहिनी म्हणाल्या. “आहे अजून. आधी हिला पुसते, मग चहा टाकते, मग सांगते.”

आणि दार तसंच बंद ठेवून त्या आत गेल्या. साहेबांनी बादली दाराच्या जरा जवळ ओढली.